यंत्राला नवा पाठ देताना



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मेनफ्रेम संगणकाच्या डिस्क-नियंत्रकात नवा मायक्रोकोड बसविणे, हा काय वसंतातल्या संध्याकाळी ऐकावयाचा विषय झाला? शंका रास्त आहे. परंतु आपला पगार, आपल्या घराचे कर्ज, आपल्या विम्याचा हप्ता यांचे आकडे शेवटी कोठेतरी लिहिलेले असतात, आणि जगातील पुष्कळ मोठ्या बँका व विमाकंपन्या ते आजही मेनफ्रेम नावाच्या यंत्रात ठेवतात. आपल्या पुण्या-मुंबईतही परदेशी बँकांच्या मेनफ्रेमची राखण करीत रात्रपाळी करणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांच्या आईबापांना आपला मुलगा रात्रभर नेमके काय करतो हे ठाऊक नसते. आजचे व्याख्यान निदान त्या आईबापांसाठी तरी आहे असे समजावे.

प्रथम या यंत्राची घडण पाहू. आपल्याकडच्या जुन्या मोठ्या वाड्यातील मुदपाकखाना डोळ्यांसमोर आणा. आचारी चुलीपाशी उभा आहे. त्याला दोन शेर गूळ हवा झाला तर तो स्वतः कोठीत जात नाही; कोठावळ्याला हाक मारतो आणि हातातले काम पुढे चालू ठेवतो. गूळ कोणत्या मडक्यात आहे, ते मडके कोणत्या फळीवर आहे, याच्याशी आचाऱ्याला कर्तव्य नाही. मेनफ्रेमची रचना थेट अशी आहे. गणित करणारा मध्यवर्ती भाग हा आचारी, माहिती साठविणाऱ्या डिस्क ही कोठी, आणि या दोहोंमध्ये उभा असलेला डिस्क-नियंत्रक हा कोठावळा. आचारी आणि कोठावळा यांच्यामधल्या वाटांना चॅनल म्हणतात. एका डिस्ककडे जावयास अशा अनेक वाटा ठेवतात. एक बंद पडली तर दुसरीने जाता यावे, हा त्यातील हेतू.

आता हा कोठावळा आपले काम कशावरून करतो? त्याच्या अंगी काही सवयी बाणविलेल्या असतात. हाक आली की अमुक करावे, वस्तू सापडली नाही तर तमुक करावे, दोन हाका एकदम आल्या तर आधी कोणती घ्यावी, असे बारीकसारीक नियम. यंत्राच्या पोटातल्या या नियमांच्या लिखाणास मायक्रोकोड म्हणतात. ते धड यंत्रही नव्हे आणि बँकेच्या कारकुनाच्या पडद्यावर दिसणारी आज्ञावलीही नव्हे. यंत्राला यंत्रपण देणारे ते लिखाण होय.

या कल्पनेचा जन्म इंग्लंडातला. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९५१ साली मँचेस्टर येथील परिषदेत ती मांडली. तोवर संगणकाचे नियंत्रण म्हणजे तारांचे आणि नळ्यांचे जंजाळ असे. एक गोष्ट बदलावयाची तर जंजाळ उकलावे लागे. विल्क्स यांचे म्हणणे असे की, प्रत्येक आज्ञा पार पाडण्याच्या लहान लहान पायऱ्या एका छोट्या स्मृतीत लिहून ठेवाव्यात, म्हणजे यंत्राचा स्वभाव तारांऐवजी लिखाणात राहील. त्यांच्याच प्रयोगशाळेतील एडसॅक-२ हे यंत्र १९५८ मध्ये या तत्त्वावर चालू लागले. पुढे ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने सिस्टिम-३६० हे यंत्रकुल जाहीर केले. त्यात लहान यंत्र होते, मोठे होते. वेग निराळा, किंमत निराळी, पण एकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालावी अशी योजना होती. आतली यंत्रे भिन्न असताना त्यांनी बाहेर एकच भाषा बोलावी, ही किमया त्यांतील बहुतेक नमुन्यांत मायक्रोकोडने साधली.

परंतु त्या काळी हे लिखाण कायमचे कोरलेले असे. मॉडेल ३० या यंत्रात ते पंचकार्डाच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या कार्डांवर छिद्रांच्या रूपाने असे. चूक सापडली तर अभियंत्याने जाऊन कार्ड बदलावयाचे. १९७० साली सिस्टिम-३७० आली, आणि तिच्यासोबत ३३३० नावाची डिस्क व तिचा ३८३० हा नियंत्रक आला. या नियंत्रकाचे नियम आता पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीत राहू लागले. सोय झाली, पण एक अडचणही उभी राहिली. वीज गेली की ही स्मृती कोरी होई. म्हणजे कोठावळा दर सकाळी सारे विसरून उठणार, आणि त्याला रोज नव्याने पाठ द्यावा लागणार.

हा पाठ कशावर लिहून पाठवावा? वस्तू स्वस्त हवी, टपालाने धाडता येईल अशी हवी, आणि अभियंत्याच्या पिशवीत मावेल अशी हवी. सॅन होझे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत डेव्हिड नोबल आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे लागले. त्यांनी आठ इंच व्यासाची, लवचिक प्लॅस्टिकची, चुंबकीय लेप दिलेली तबकडी तयार केली. धुळीने ती खराब होते असे दिसल्यावर तिला आतून मऊ अस्तर लावलेले पाकीट घातले, म्हणजे फिरता फिरता ती आपोआप पुसली जाई. तिच्यात सुमारे ८० किलोबाइट मजकूर मावे, आणि ग्राहकाच्या यंत्रावर ती केवळ वाचता येई, तिच्यावर लिहिता येत नसे. १९७१ पासून ती यंत्रांबरोबर जाऊ लागली. श्रोतेहो, हीच पहिली फ्लॉपी! पुढे आपल्या मुलांनी शाळेतले निबंध आणि आपल्या कचेऱ्यांनी पत्रे जिच्यावर साठविली, ती फ्लॉपी मूळ जन्माला आली ती नियंत्रकाच्या पोटात नवा मायक्रोकोड घालण्यासाठी. आजचा आमचा विषय आपण समजता तितका परका नाही, तो आपल्या घरात येऊन गेलेला आहे.

आता आजच्या काळात येऊ. आजचा नियंत्रक म्हणजे माणसाच्या उंचीचे एक कपाट असते. त्याच्या पोटात दोन स्वतंत्र संगणक असतात, म्हणजे कोठीवर एक नव्हे, दोन कोठावळे. शिवाय आज फिरत्या तबकड्यांची जागा बहुतांशी घनस्मृतीने घेतली आहे. तरीही मेनफ्रेमला मात्र समोर १९८९ सालची ३३९० नावाची डिस्कच दिसते. एका सिलिंडरात १५ ट्रॅक आणि एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट, हेच माप. मडकी गेली, फळ्या गेल्या, सारा माल नव्या पेट्यांत भरला, पण कोठावळा आचाऱ्याशी अजून शेर-पायलीतच बोलतो, कारण आचाऱ्याच्या साऱ्या पाककृती त्या मापांत लिहिलेल्या आहेत. हे सोंग निभावून नेणारा मायक्रोकोडच.

येथे कोणी विचारील की, सारे सुरळीत चालले असता त्याला हात तरी का लावावा? ज्याला हात लावला नाही ते बिघडत नाही, हा आपला गृहस्थी अनुभव. आम्हीही एके काळी असेच म्हणत असू. परंतु एक उदाहरण ऐका. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइज या कंपनीने आपल्या ग्राहकांना एक सूचना पाठविली. तिच्या काही घनस्मृती-डिस्कच्या आतील लिखाणात अशी चूक होती की, डिस्क बरोबर ३२,७६८ तास चालली की ती मरणार, आणि तिच्यातली माहिती परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे, यावरून तास मोजणाऱ्या खणाची जागा अपुरी पडली हे जाणत्याच्या लक्षात येते. आता पाहा : एकाच दिवशी बसविलेल्या डिस्क एकाच दिवशी मरणार. जोडीला ठेवलेली दुसरी प्रतही त्याच मुहूर्तावर जाणार. ज्याने नवे लिखाण वेळेवर घातले तो वाचला; ‘चालते आहे तर चालू द्या’ म्हणून जो स्वस्थ बसला, त्याची स्वस्थता घड्याळ मोजीत होते. त्या डिस्क मेनफ्रेमच्या नव्हत्या, परंतु तत्त्व तेच आहे. न दिसणाऱ्या लिखाणातील चूकही दिसत नाही, आणि तिचा दिवस भरला की ती एकदम दिसते.

तेव्हा हात लावावयास हवा हे खरे. परंतु तो कसा लावावा? पंगत बसली आहे, आचारी हाका मारतो आहे, आणि कोठावळ्याला नवा पाठ द्यावयाचा आहे. बँकेचे यंत्र आता रात्रीही थांबत नाही. यावर युक्ती अशी की, दोन कोठावळ्यांपैकी एकाला बाजूला घ्यावयाचे, त्याचे काम दुसऱ्याकडे द्यावयाचे, त्याला नवा पाठ देऊन, तो नीट म्हणून दाखवितो याची खात्री करून पुन्हा उभा करावयाचा, आणि मग दुसऱ्याला घ्यावयाचे. ऐकावयास सोपे आहे. यातील मेख कोठे आहेत त्या सांगतो.

पहिली मेख हातातील मालाची. मेनफ्रेमने ‘हे लिहून ठेव’ म्हटले की नियंत्रक ते लगेच डिस्कवर लिहीत नाही. तो ते आपल्या स्मृतीत ठेवतो, त्याची दुसरी प्रत जोडीदाराच्या वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत ठेवतो, आणि ‘लिहिले’ असे उत्तर देतो. डिस्कवर ते सावकाश जाते. तेव्हा एकाला बाजूला घेण्यापूर्वी त्याच्या हातातला माल फळीवर गेला पाहिजे. आणि तो परत येईपर्यंत उरलेल्याला जोडीदार नाही, हे प्रत्येकाच्या ध्यानात पाहिजे. म्हणूनच आधीपासून एखादी डिस्क आजारी असेल, एखादी बॅटरी दुबळी झाली असेल, तर त्या रात्री हे काम हाती घ्यावयाचे नाही. आधी घर दुरुस्त, मग पाहुणा.

दुसरी मेख सोयरिकीची. नियंत्रकाचे नवे लिखाण मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीला समजले पाहिजे. पुष्कळदा तिच्यात आधी काही दुरुस्त्या घालाव्या लागतात. दूरच्या गावी ज्या दुसऱ्या नियंत्रकाकडे प्रत्येक नोंदीची प्रत जात असते, त्याच्या जुन्या लिखाणाशीही याचे जमले पाहिजे. आणि दोन्ही गावांचे नियंत्रक एकाच रात्री कधीही बदलावयाचे नाहीत. नव्या लिखाणातच दोष निघाला तर एक घर तरी जुन्या चालीचे उरले पाहिजे.

तिसरी मेख परतीच्या वाटेची. जून २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहाने रात्रीचे हिशेब चालविणारी एक आज्ञावली बदलली. काही विसंगती दिसल्या, म्हणून मंडळींनी नवी आज्ञावली काढून जुनी घातली. मात्र जुनीकडे परत गेल्यास काय होईल याची चाचणी आधी घेतली नव्हती. पासष्ट लाखांहून अधिक ग्राहकांना काही आठवडे त्रास झाला, आणि २०१४ साली नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लक्ष पौंडांचा दंड केला. तेथे डिस्कचा मायक्रोकोड नव्हता, पण धडा आमच्यासाठीच आहे. मागे फिरणे हेसुद्धा एक पुढचे पाऊल आहे. त्याचीही तालीम लागते.

चौथी मेख कागदाची. ५ जुलै २०१० रोजी पहाटे सिंगापूरच्या डीबीएस बँकेत मेनफ्रेमच्या डिस्क-साठ्याची एक किरकोळ दुरुस्ती चालू होती. एका केबलची तक्रार होती. बँक चालूच होती. देखभाल करणाऱ्यांनी ती दुरुस्ती कालबाह्य कार्यपद्धतीने केली. परिणामी सुमारे सात तास बँकेचे व्यवहार कोलमडले, यंत्रांतून पैसे निघेनात, आणि तेथील मध्यवर्ती प्राधिकरणाने बँकेला सुमारे २३ कोटी सिंगापूर डॉलरचे जादा भांडवल बाजूस ठेवावयास लावले. यंत्रात दोष किरकोळ होता. हातात कागद मात्र जुना होता.

आता आमच्या स्वतःच्या पदरची एक गोष्ट सांगितली नाही तर हे सारे दुसऱ्यांचे दोष दाखविल्यासारखे होईल. एका बँकेच्या यंत्रगृहात शनिवारच्या रात्री आम्ही हेच काम करण्यास उभे होतो. नवे लिखाण दोन दिवस आधीच नियंत्रकाच्या पोटात नेऊन ठेवले होते, त्याची बेरीज-ताळा जुळला होता. आता केवळ ते जागे करावयाचे होते. वाटांची तपासणी झाली. मेनफ्रेमला विचारले की अमुक डिस्ककडे तुला किती वाटा दिसतात? उत्तर आले, चार, चारही उघड्या. यादीवर खूण झाली. पुढच्या ओळीवर बोट ठेवणार, इतक्यात आमच्या चमूतली सर्वांत नवी मुलगी, जिला रुजू होऊन वर्षही झाले नव्हते, ती हळूच म्हणाली, “सर, वाटा चार दिसतात, पण मला वाटते एका गटाच्या चारही वाटा एकाच बाजूच्या दारात जातात.”

आम्ही काय उत्तर दिले हे सांगावयास आजही संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, “यादी तपासून झाली आहे.” रात्रीचा एक वाजून गेला होता, वरिष्ठ दूरध्वनीवर होते, आणि पहाटे चारच्या आत काम संपले पाहिजे होते. ती गप्प बसली. परंतु जागची हलली नाही. तिच्या हातात नियंत्रकाच्या दारांच्या क्रमांकांचा नकाशा होता आणि तिने एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती. काही क्षण गेले, आणि आम्ही तो कागद घेतला. एका डिस्क-गटाच्या चारही केबली खरोखरच कपाटाच्या एकाच अर्ध्या भागात शिरत होत्या. महिन्यापूर्वी कोणीतरी दोन केबली हलविताना, रिकामे दिसले त्या दारात त्या लावल्या होत्या. मेनफ्रेमने खोटे सांगितले नव्हते. आम्ही ‘किती’ असे विचारले होते, त्याने ‘किती’ एवढेच सांगितले. ‘कोठे’ हे आम्ही विचारलेच नव्हते.

तो अर्धा भाग बाजूला घेतला असता तर त्या गटाच्या चारही वाटा एकदम बंद झाल्या असत्या, आणि त्या गटावर बँकेच्या चालू खात्यांच्या नोंदी होत्या. त्या रात्री आम्ही काम थांबविले. वरिष्ठांची बोलणी खाल्ली. ‘एवढी तयारी करून रिकाम्या हाताने परत?’ असे विचारले गेले. तीन आठवड्यांनी केबली नीट लावून तेच काम पुन्हा केले, आणि ते इतके बिनबोभाट झाले की दुसऱ्या दिवशी कोणी त्याचा उल्लेखही केला नाही. त्या मुलीचे अभिनंदनही त्या दिवशी आम्ही केले नाही, ते पुढे बऱ्याच दिवसांनी केले. ही आमची दुसरी चूक.

या गोष्टीवरून आम्ही एक शिकलो. यादी असावी, जरूर असावी. पण खूण करणे आणि पाहणे ही दोन निराळी कामे आहेत. यादीत आता आम्ही ‘वाटा किती’ याच्या पुढे ‘कोणत्या दारात’ हा प्रश्न घातला आहे. पहिला अर्धा भाग नव्या लिखाणाने उभा राहिला की लगेच दुसऱ्याकडे धावत नाही. वाटा पुन्हा मोजतो, चुकांची नोंदवही उघडून पाहतो, आधीच्या वेगाशी आताचा वेग ताडून पाहतो, आणि मगच पुढे जातो. कारण एकच अर्धा बदलला आहे तोवर परतणे सोपे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे, काम सुरू होण्यापूर्वी मोठ्याने सांगतो की, ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार खोलीतल्या सर्वांत लहान माणसालाही आहे, आणि त्यासाठी त्याला आपले म्हणणे सिद्ध करून दाखवावे लागणार नाही. शंका असली तरी पुरे. ती खोटी ठरली तर अर्धा तास जाईल. अर्धा तास ही काही मोठी किंमत नव्हे.

श्रोतेहो, नवे यंत्र आले की आपण नारळ फोडतो, हार घालतो, छायाचित्रे काढतो. ते यंत्र दहा वर्षे चालते ठेवणाऱ्याला हार कोणी घालीत नाही, आणि त्याची त्याला अपेक्षाही नसते. त्याचे यश हे की, काही घडले नाही. ही गोष्ट पाणीपुरवठ्याच्या रात्रपाळीतील माणसाची आहे, रेल्वेच्या गँगमनची आहे, आणि घराघरांतल्या गृहिणीचीही आहे. न घडलेल्या अनर्थांची मोजदाद कोठेच होत नाही.

म्हणून एवढीच विनंती. ‘आज रात्री एक ते चार देखभालीसाठी सेवा बंद राहील’ असा निरोप यापुढे आपल्या बँकेकडून आला, तर रागावण्यापूर्वी क्षणभर त्या थंडगार खोलीत उभ्या असलेल्या चार-पाच माणसांची आठवण ठेवा. ती आपल्या कोठावळ्याला नवा पाठ देत असतात. आणि आपल्यापैकी जे कोणी कोठेही, कचेरीत, कारखान्यात, शाळेत, चार माणसांवर वरिष्ठ असतील, त्यांना सांगणे एवढेच की, रात्री एक वाजता कोणी धाकट्याने हळूच शंका काढली, तर ‘यादी तपासून झाली आहे’ असे म्हणू नका. कागद हातात घ्या आणि पाहा.